कागद कुणाचा, गोष्ट कुणाची

नेपानगरची ओळख बहादरपूर-बुऱ्हाणपूरच्या लोकांना करून द्यायची गरज नाही. भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी बुऱ्हाणपूर सोडून डोंगरात शिरली की थोड्या वेळाने ते स्टेशन येते. देशातला न्यूजप्रिंटचा पहिला कारखाना इथे उभा राहिला. 1955 साली कागद निघू लागला, 1956 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि पुढची पंचवीसेक वर्षे भारतात न्यूजप्रिंट बनवणारा दुसरा कारखाना नव्हता. कच्चा माल होता जंगलातला बांबू आणि सालई. निमाडच्या डोंगरांतली झाडे लगदा होऊन देशभरच्या वर्तमानपत्रांची पाने झाली. पण त्याच जंगलांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरकू, भिल्ल, भिलाला, बारेला लोकांना त्या पानांवर किती जागा मिळाली? कागद तुटवड्याचा माल होता, त्याचे वाटप सरकार ठरवत असे. 1972 साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यूजप्रिंटच्या नियंत्रणाच्या नावाखाली वर्तमानपत्राची पाने दहावर अडवणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, असे न्यायालयाने बेनेट कोलमन खटल्यात सांगितले. मोठ्या वृत्तपत्रांचा प्रश्न तिथे सुटला. ज्यांचे स्वतःचे वर्तमानपत्रच नाही, त्यांचा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत कधी आलाच नाही.

भूमिगत कॉमिक्स म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला हा प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो. हे नाव ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती अमेरिकेतली 1960 नंतरची हिप्पी मंडळी, नशापाणी आणि नागडी चित्रे. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की एखादी चित्रकथा भूमिगत ठरते ती तिच्यातल्या उघड्यावाघड्या चित्रांमुळे नव्हे. ज्यांच्या गोष्टीला छापखाना, वितरक आणि सरकार यांपैकी कुणीच कागद देत नाही, त्यांची गोष्ट ती कागदावर आणते, म्हणून ती भूमिगत. या अर्थाने भारतातले पहिले अव्वल भूमिगत कॉमिक आपल्या शेजारच्या नर्मदा खोऱ्यावर निघाले: ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, 1994 सालचे. त्याचा चित्रकार कोलकात्यात जन्मलेला, दिल्लीत कामाला लागलेला आणि पुढे गोव्याशी जोडला गेलेला. कथा मात्र रेवेची, म्हणजे नर्मदेची.

अमेरिकेचा दाखला आधी नीट पाहू. 1954 साली तिथल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. मुले बिघडतात या ओरडीमुळे ती आली, म्हणून तिच्यात नग्नता आणि रक्तपात यांवर बंदी होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवू नये, असेही एक कलम तिच्यात होते, आणि त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. मला ते कलम अधिक महत्त्वाचे वाटते. या संहितेचा शिक्का नसेल तर विक्रेते कॉमिक मांडायला तयार नसत. चौदा वर्षांनी, 1968 च्या सुरुवातीला, रॉबर्ट क्रम्ब याने सॅन फ्रान्सिस्कोत ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक काढला आणि तो रस्त्यावर, मुलाच्या बाबागाडीत ठेवून विकला. दुकानाचा कट्टा नाकारला गेला तेव्हा रस्ता हेच दुकान झाले. क्रम्बच्या चित्रांतल्या बायकांवरून त्याच्यावर झालेली टीका रास्त आहे, तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. तिला उत्तरही त्याच वाटेने आले. ट्रिना रॉबिन्स आणि इतर स्त्रियांनी 1970 साली स्वतःचे कॉमिक काढले, 1972 पासून ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू केले. ज्यांची गोष्ट दुसरेच कुणी सांगत होते, त्यांनी ती स्वतः सांगायला घेतली. या चळवळीतले टिकाऊ तत्त्व हेच. याच परंपरेत वाढलेल्या आर्ट स्पिगलमनने ज्यूंच्या संहाराची आपल्या वडिलांकडून ऐकलेली कहाणी ‘माउस’मध्ये उंदीर-मांजरांच्या रूपात मांडली. 1992 साली तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे चित्रकथा हे पोरखेळाचे साधन नाही हे शहाण्यासुरत्या लोकांनी मान्य केले.

आपल्याकडे चित्रकथेचा बाजार तोवर चांगला मोठा होता. 1964 पासून ‘इंद्रजाल’मधून वेताळ आणि मँड्रेक घरोघरी पोहोचले होते, 1967 पासून अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ मुलांना पुराण आणि इतिहास शिकवत होती. मराठीत व्यंगचित्राची परंपरा तर अभिमान वाटावी अशी: हरिश्चंद्र लचके, शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांची चित्रे पाहायला लोक दिवाळी अंक घेत. भूमिगत छपाईही मराठीला परकी नाही. ‘शब्द’, ‘असो’, ‘येरू’ अशा अनियतकालिकांनी, कधी सायक्लोस्टाइल करून, कधी पदरचे पैसे घालून, प्रस्थापित मासिके जे छापणार नाहीत ते छापले. दलित साहित्याच्या ठिणग्या तिथेही पडल्या. पण या दोन परंपरांची गाठ पडली नाही. ज्यांच्या हाती कुंचला होता ते मासिकांच्या मुखपृष्ठांवर रमले आणि ज्यांच्या मनात बंड होते ते कवितेकडे वळले. लांब पल्ल्याची, गंभीर, विरोधाची चित्रकथा मराठीत त्या काळात घडली नाही, ही उणीव मला आजही खटकते.

ओरिजित सेन यांचा जन्म 1963 चा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ते ग्राफिक डिझाइन शिकले. या संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला जाहिरात कंपनीची वाट मोकळी असते. सेन यांनी ती धरली नाही. 1990 साली गुरप्रीत सिद्धू यांच्यासह त्यांनी दिल्लीच्या कॅनॉट प्लेस भागात ‘पीपल ट्री’ नावाचे दुकान काढले. तिथे हाताने छापलेले टी-शर्ट, कारागिरांच्या वस्तू आणि पुस्तके एकाच छताखाली विकली जात. चित्रकाराचे पोट कशावर चालते हा प्रश्न चरित्र लिहिताना आपण बाजूला टाकतो, पण भूमिगत कलेत तोच निर्णायक असतो. दुकानाच्या आधारामुळे सेन यांना मोठ्या प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहावी लागली नाही.

त्याच वर्षांत नर्मदा खोरे पेटले होते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पायाभरणी 1961 साली झाली होती, नर्मदा पाणीवाटप लवादाचा निर्णय 1979 साली आला आणि 1985 साली जागतिक बँकेने 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बुडिताखाली येणारी सर्वाधिक गावे, 192, मध्य प्रदेशातली होती. महाराष्ट्रातली 33, सगळी सातपुड्याच्या कुशीतल्या अक्कलकुवा-अक्राणी भागातली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली. धरणाच्या विरोधात मेधा पाटकर गावोगाव फिरत होत्या. 28 सप्टेंबर 1989 रोजी हरसूदला देशभरातले लोक जमले. ते हरसूद आपल्या खंडवा जिल्ह्यातले, आणि बुऱ्हाणपूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. 1990 साली बाबा आमटे आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नर्मदाकाठी राहायला आले. या धामधुमीत सेन खोऱ्यात फिरले, आंदोलनातल्या माणसांना भेटले, भिलाल्यांची गाणी ऐकली. पुस्तक काढले ‘कल्पवृक्ष’ने. दिल्लीचे जंगल वाचवायला 1979 साली विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही संघटना पुढे पुण्यात स्थिरावली. तिच्या कार्यकर्त्यांनी 1983 साली नर्मदाकाठाने पदयात्रा करून प्रकल्पाचा अहवाल आधीच लिहिला होता. म्हणजे चित्रकथेच्या मागे पायी हिंडून गोळा केलेला अभ्यास होता, नुसता कळवळा नव्हता.

पुस्तक साठेक पानांचे, काळ्यापांढऱ्या रेषांत काढलेले. विष्णू नावाचा तरुण पत्रकार दिल्लीहून रेवासागर नावाच्या धरणाची बातमी करायला निघतो. वाटेवर जमलेली माणसे, मोर्चे, घोषणा, सभा या सगळ्यांतून तो वाचकाला खोऱ्यात नेतो. दुसरा धागा रेलकूचा. ही आदिवासी बाई शहरात घरकाम करते, आणि आपल्या लोकांच्या हातून जंगल आणि जमीन कशी गेली ते तिच्या तोंडून कळते. तिसरा धागा सर्वांत जुना: कुजुम चंटू ही सृष्टी घडवणारी देवता आणि मलगू गायन हा गायक. मलगू आपले रंगाई हे वाद्य छेडून गातो आणि त्या गाण्यातून रेवा वाहू लागते. आलीराजपूर भागातल्या भिलाल्यांकडे सृष्टीच्या उत्पत्तीचे असे गायणे आहे. नदी गाण्यातून आली असे मानणाऱ्या समाजासाठी नदी अडवणे म्हणजे गाणे मध्येच तोडणे आहे. सेन हे कुठेही भाषण करून सांगत नाहीत. विष्णूच्या दुनियेत चौकटी नेटक्या, रेषा बारीक, तपशील ठासून भरलेले. गायणे सुरू झाले की चित्र सैल होते, आकार एकमेकांत मिसळतात, पानभर पाणी पसरल्यासारखे वाटते. वाचकाचा डोळा एका पानावर बातमी वाचतो आणि दुसऱ्या पानावर गाणे ऐकतो. वर्तमानपत्राच्या रकान्यात हे होऊ शकत नाही. तिथे आदिवासी ‘विस्थापित’ या एका शब्दात मावतो आणि त्याची सृष्टिकथा सणावाराच्या पुरवणीत जाते. सेन यांनी दोन्हींना एकाच पुस्तकात, एकाच तोलाने बसवले. माझ्या लेखी या पुस्तकाचे थोरपण इथे आहे.

या पुस्तकावरचा पहिला आक्षेप उघड आहे. हा एकतर्फी प्रचार आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. सरदार सरोवराचे पाणी कच्छ-सौराष्ट्रापर्यंत गेले. विजेतला 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाचा, 27 टक्के महाराष्ट्राचा ठरला. तहानलेल्या गावाला पाणी मिळाले याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’मध्ये या बाजूला पुरेशी जागा नाही हे मला मान्य आहे. पण त्या बाजूकडे काय नव्हते? मंत्र्यांची भाषणे होती, प्रसिद्धीपत्रके होती, पानभर जाहिराती होत्या, पाठ्यपुस्तके होती. जागतिक बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने 1992 च्या अहवालात लिहिले की माणसांवर आणि निसर्गावर होणाऱ्या परिणामांचा विचार नीट झालेला नाही आणि ज्या रीतीने काम चालले आहे त्या रीतीने सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही. पुढच्याच वर्षी भारताने कर्जाचा उरलेला भाग घेणे थांबवले. तेव्हा चित्रकथेने ताजव्याच्या रिकाम्या पारड्यात वजन टाकले, आणि ते वजन खोटे नव्हते. एकतर्फी असणे आणि असत्य असणे यांत फरक आहे. तो इथे पाळला गेला.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचरा वाटतो. पुस्तक इंग्रजीत निघाले. रेलकूसारखी बाई ते वाचू शकली नसती, बडवानीतला शेतकरी वाचू शकला नसता, बहादरपूरच्या वाचनालयात ते ठेवले असते तरी किती जणांनी उघडले असते? शहरी, शिकलेल्या बंगाली माणसाने भिलाल्यांचे गायणे उचलून इंग्रजी वाचणाऱ्यांपुढे मांडले, मग हे त्यांचे कसे झाले? याला सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की सेन यांनी स्वतःला आदिवासींच्या जागी उभे केले नाही. कथेत डोळा विष्णूचा आहे, बाहेरून येऊन शिकत जाणाऱ्याचा. ज्या वर्गाच्या विजेसाठी धरण होते, त्याच वर्गाच्या घरात हे पुस्तक जायला हवे होते, आणि त्या घरांची भाषा इंग्रजी होती. तरीही आक्षेपातला काटा शिल्लक राहतोच, आणि तो राहावा.

तो काटा काढायचे काम पुढे इतरांनी केले. 2011 साली ‘नवयाना’ प्रकाशनाने ‘भीमायन’ ही चित्रकथा काढली. बाबासाहेबांचे बालपण, मसूर स्टेशनवरचा अपमान, महाडचे पाणी, बडोद्यात न मिळालेले घर, ही सगळी आपल्या महाराष्ट्राच्या ओळखीची कथा. आणि चित्रे काढली मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी. माणसांना चौकटीत कोंडणे आम्हाला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून पानाच्या चौकटी त्यांनी मोडल्या आणि दिगणा या पारंपरिक नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले. दुखावणारे बोल विंचवाच्या नांगीच्या फुग्यात, मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात. त्याच वर्षी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांची इंग्रजी चित्रकथा आली. आणि याच्या आधीपासून शरद शर्मा यांची ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ ही संस्था खेड्यापाड्यांत शिबिरे घेत आली आहे. रीत साधी आहे. गावातला माणूस आपल्या गावातली एक अडचण चार चौकटींत काढतो, दोन कागद जोडून भित्तिपत्र करतो, झेरॉक्स काढतो आणि शाळेच्या, पंचायतीच्या, एस.टी. थांब्याच्या भिंतीवर चिकटवतो. चित्रकार व्हायची अट नाही. भाषा गावाची, वाचक गावातले, आणि ज्याच्यावर टीका आहे तोही त्याच रस्त्याने जाणारा. सेन यांनी मोठ्या रूपात जे शक्य करून दाखवले, ते इथे लोकांच्या हातात आले.

सेन यांची पुढची कारकीर्द पाहून काही जण म्हणतात, मग हा माणूस भूमिगत कसला? आनंदपूर साहिबला पंजाब सरकारने उभारलेल्या ‘विरासत-ए-खालसा’ या संग्रहालयात, 2011 साली ते खुले झाले तेव्हा, सेन यांच्या चमूने काढलेले कित्येक मजली उंचीचे भित्तिचित्र लोकांपुढे आले. सरकारी इमारत, सरकारी पैसा. मला यात विसंगती दिसत नाही. भूमिगत हा माणसाचा कायमचा बिल्ला नसतो. ते एखाद्या कामाचे, एखाद्या गोष्टीचे स्थान असते. शिवाय त्या भिंतीवरही त्यांनी शेतात राबणारी, बाजारात सौदा करणारी, घरी-दारी वावरणारी पंजाबी माणसे खच्चून भरली. गोव्यातही हेच. गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडा यांच्या नावाच्या अध्यासनावर आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाच्या बाजाराचा नकाशा उभा केला. कोण कुठे बसते, कुठून माल आणते, कोणत्या पानात काय बांधते, हे सारे पाहून, विचारून, रेखाटून. पाहण्याची ही चिकाटी नर्मदेकाठची आहे. दरम्यान सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग, अमिताभ कुमार यांच्यासह त्यांनी ‘पाओ’ हा चित्रकथाकारांचा गट उभा केला, 2012 साली त्यांचा संग्रह निघाला, आणि 2021 पासून भोपाळच्या ‘एकतारा’तर्फे मुलांसाठी ‘कॉमिक्सेन्स’ हे त्रैमासिक ते संपादित करू लागले. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून पुष्कळदा बॅनर्जी यांच्या 2004 च्या ‘कॉरिडॉर’चे नाव घेतले जाते. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ तिच्या दहा वर्षे आधीचे. ते मोठ्या प्रकाशकाचे नव्हते, म्हणून मोजणीत मागे पडले. भूमिगत असण्याची ही किंमत आहे.

शेवटचा आक्षेप निकालाचा. धरण तर झालेच. ऑक्टोबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी करून दिली, 2004 साली नर्मदेवरच्याच इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली हरसूद गेले, आणि 17 सप्टेंबर 2017 रोजी 138.68 मीटर उंचीचे सरदार सरोवर राष्ट्राला अर्पण झाले. मग त्या चित्रांनी काय साधले? धरण थांबवणे हे चित्रकथेचे काम आहे असे मानले तर ती हरली. पण पुस्तकाच्या प्रती संपल्यानंतर झेरॉक्स आणि स्कॅन यांच्या रूपाने ते विद्यार्थ्यांत, चित्रकारांत, कार्यकर्त्यांत फिरत राहिले आणि 2022 साली चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने अरुंधती रॉय यांच्या प्रस्तावनेसह ते पुन्हा काढले. तोवर हरसूद पाहिलेली एक पिढी म्हातारी झाली होती. पाण्याखाली गेलेल्या गावाचा पुरावा सातबारावर आणि भरपाईच्या यादीत उरतो, पण तिथे गाणे कसे चालत होते ते यादीत उरत नाही. ज्या पुस्तकात ते उरले आहे, त्याला निष्फळ म्हणणे मला जमणार नाही.

जंगलाचा हक्क कुणाचा, हा प्रश्न 2006 च्या वनहक्क कायद्यानंतरही बुऱ्हाणपूर-नेपानगरच्या डोंगरांत मिटलेला नाही. तापीकाठच्या या मुलखात मराठी, निमाडी, कोरकू, बारेली, उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ आणि ‘भीमायन’ ही पुस्तके इथल्या शाळांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत हवीत, आणि त्यांतली गोष्ट इथल्या भाषांत मुलांना वाचून दाखवली जायला हवी. त्यानंतर मुलांच्या हातात कोरे कागद द्यावेत. नेपानगरचा मध्यंतरी बंद पडलेला तो कारखाना, नेपा मिल, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी येत्या वर्षी एक तरी चार चौकटींचे शिबिर भरवावे आणि मुलांनी काढलेली चित्रे पंचायतीच्या भिंतीवर लावू द्यावीत, एवढी माझी त्यांना विनंती आहे.